खोऱ्याचं विरजण

शेवरी खोऱ्यातल्या लोकांनी त्या यंत्राचं बारसं पहिल्याच दिवशी उरकलं. कागदोपत्री त्याचं नाव ‘मूळशोधक’ असं भारदस्त होतं. पण शिलाई मशीनएवढं ते पांढरं खोकं थेंबभर वाइन पोटात गेली की तिचं कूळ-मूळ घडाघडा सांगतं, हे कळल्यावर लोक त्याला सरळ ‘भाट’ म्हणायला लागले. घरोघर फिरून वंशावळी वाचणारे खरे भाट या बाजूला फिरकेनासे होऊन जमाना झाला होता. ती उणीव विज्ञानानं भरून काढली, असं रामदास गाडेकर म्हणाले. गाडेकरांना अशा वेळी बोलल्याशिवाय राहवत नसे.

भाट आणायची वेळ आली ती शेवरीच्या लाल वाइनमुळे. दिंडोरीच्या पश्चिमेला डोंगरांच्या आडोशाला हे चिमुकलं खोरं. शिराझ जातीची द्राक्षं पलीकडच्या खोऱ्यातही होती, पण शेवरीच्या वाइनची गोष्टच निराळी. पहिल्या घोटाला पिकलेलं जांभूळ, मग मिऱ्याची किंचित धग, आणि घोट गिळून झाल्यावर जिभेच्या कडांना भिजवलेल्या आमसुलासारखी एक आंबूस गोडी. या आमसुलानं शेवरीचं नाव परदेशातल्या दुकानांपर्यंत नेलं होतं. हे तुम्हाला जमतं कसं, असं कुणी विचारलं तर खोऱ्यातला कुणीही बागेकडे बोट दाखवून सांगे, “आमची मातीच तशी आहे.” नाव झालं तसे भलभलत्या ठिकाणची वाइन ‘शेवरी’ म्हणून खपवणारेही निघाले. म्हणून बागायतदारांच्या संघानं ठरवलं, यापुढे भाटानं कौल दिल्याशिवाय कुणाच्याही बाटलीवर शेवरीचा शिक्का बसणार नाही.

संघाचे अध्यक्ष रंगनाथराव ढिकले, म्हणजे सगळ्यांचे नाना. माळकरी माणूस. उभ्या आयुष्यात त्यांनी वाइनचा थेंब जिभेला लावला नव्हता. पण पेला नाकाशी धरून, डोळे मिटून, ही कुणाच्या घरची वाइन हे ते अचूक सांगत. नाना नाकानंच पितात, अशी त्यांची ख्याती होती. एप्रिलमधली खरड छाटणी आटोपली, वेली बोडक्या झाल्या, लोकांना जरा उसंत मिळाली, तेव्हा संघाच्या सभागृहात भाटाची पहिली बैठक भरली. नाना उठून म्हणाले, “आधी आमच्या घरचं. उद्या कुणी म्हणायला नको, की अध्यक्षानं घरच्यांना झुकतं माप दिलं.”

घरचं म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाच्या, भास्करच्या बायकोनं केलेली वाइन. हर्षदा मूळची कुडाळची. पुण्याला वाइन करण्याचं शिक्षण घेताना तिला भास्कर भेटला आणि ती कोकणातून थेट या डोंगराआड येऊन पडली. तेव्हा इथे नुसती खायची द्राक्षं होत. खोऱ्यातलं पहिलं लाकडी पिंप तिनं भरलं होतं, आणि पुढे ज्यानं त्यानं भरलं ते तिला विचारून. तिच्या वाइनबद्दल शंका घ्यायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

भाट सांभाळायला विद्यापीठातून डॉक्टर तन्वीर काझी आले होते. तिशीतला, हसरा माणूस. त्यांनी आधी सगळ्यांना समजावून सांगितलं.

“द्राक्षावर ती पांढुरकी मेणकट झाक असते ना, तिच्यात असंख्य सूक्ष्मजीव मुक्कामाला असतात. यीस्ट, बुरशी, जिवाणू. ते येतात मातीतून, पाण्याच्या शिंतोड्यांतून, आणि मुख्य म्हणजे गांधीलमाश्यांच्या पोटातून. माशी पिकलेला मणी फोडून खाते, यीस्ट तिच्या पोटात थंडी काढतं, आणि पुढच्या हंगामात ती तेच यीस्ट दुसऱ्या मण्यावर सोडते. तुम्ही पाकिटातलं यीस्ट वापरत नाही. म्हणजे तुमची वाइन आंबवतात ते हेच जीव. साखरेचं मद्य करता करता ते आपली चव मागे ठेवून जातात. मेले तरी त्यांच्या जनुकांचे तुकडे बाटलीत राहतात. यंत्र ते तुकडे वाचतं आणि कुठल्या मातीशी जुळतात ते सांगतं.”

“आणि शेवरीची माती त्याला ओळखू येते?” गाडेकरांनी विचारलं.

“तुमच्या संघाच्या नमुना-बागेवरून शिकवली आहे ना.”

हे ऐकून नानांची मान ताठ झाली. नमुना-बाग हे त्यांचं लाडकं अपत्य. खोऱ्याचं अस्सलपण कुठेतरी जसंच्या तसं राहावं म्हणून त्यांनी तो तुकडा अगदी सोवळ्यात ठेवला होता. वर बारीक जाळी, आत बाहेरचं खत नाही, शेणकाला नाही, बाहेरची चप्पलसुद्धा नाही. तिथली वाइन मात्र पाणचट; पाहुण्यांना दिली तर दुसरा पेला हवा का, असं कधी विचारावं लागत नसे.

तन्वीरनी हर्षदाच्या बाटलीतला थेंब यंत्रात सोडला. पडद्यावर अक्षरं उमटली. *शेवरी खोरं: जुळत नाही. निकटचं मूळ: दक्षिण कोकण, जांभ्याची जमीन.*

सगळ्यांच्या माना हर्षदाकडे वळल्या. मग गाडेकर म्हणाले, “वहिनी, माहेराहून बाटली मागवली का काय?” आणि सगळे खो खो हसले. तन्वीरनी दुसरा थेंब घातला, मग तिसरा. उत्तर हललं नाही, तसं हसू ओसरत गेलं.

हर्षदाच्या कानशिलांत रक्त चढलं. इतकी वर्षं इथे राबून झाल्यावर भर सभेत कुणीतरी सांगावं, बाई, तुम्ही इथल्या नाहीत, तसं तिला झालं. अपमान वाटला, आणि अपमानापेक्षा भीती जास्त वाटली. कारण ते उत्तर तिला कुठेतरी ओळखीचं वाटलं होतं.

“नियम सगळ्यांना सारखा,” नाना तिच्याकडे न बघता म्हणाले. “भास्करच्या पिंपांना यंदा शिक्का नाही. बाकीच्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात.”

घरी आल्यावर भास्करनं पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि तोच तावातावानं बोलायला लागला. यंत्र बिघडलंय, पोरगा शिकाऊ आहे, नानांना तर काय, नियम म्हटला की जेवण सुचत नाही. हर्षदा ऐकत राहिली. मग म्हणाली, “यंत्र बरोबर आहे.”

“म्हणजे?”

“मी लग्न होऊन आले तेव्हा आईनं परसातलं कोकमाचं रोप दिलं होतं. मुळाशी तिथलीच माती, गोणपाटात बांधलेली. आठवतं?”

“ते वाळलं की पहिल्याच थंडीत.”

“रोप वाळलं. माती टाकवेना मला. तेव्हा आपण जीवामृताचा पहिला ड्रम लावत होतो. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, आणि बांधावरची मूठभर माती. मी बांधावरची नाही घातली. ती घातली. कुणाला सांगितलं नाही.”

भास्कर खाली बसला. तो निळा ड्रम अजून गोठ्याशेजारी उभा होता. तो कधी पुरता रिकामा केला नव्हता. तळाशी थोडं ठेवायचं, त्यावर नवं शेण-गूळ घालायचं, दह्याच्या विरजणासारखं. तिथून ते वेलींच्या मुळाशी, मुळाशी सांडलेलं मण्यांवर, मण्यांवरून माश्यांच्या पोटात आणि शेवटी पिंपात. तन्वीरचं भाषण आता दोघांनाही नको तितकं स्पष्ट समजत होतं.

“ऐक,” भास्कर हळू आवाजात म्हणाला. “फेरतपासणी मागता येते. नमुना-बागेतली एक बाटली मला सहज मिळेल. तीच आपली म्हणून...”

“मी या खोऱ्याला वाइन करायला शिकवलं, आणि आता परीक्षेला दुसऱ्याची बाटली घेऊन बसू? तीही ती पाणचट?”

“मग शिक्का जाईल. बाटलीवर शेवरी लिहिता येणार नाही तुला. शेवरी, हर्षदा! ते नाव तूच मोठं केलंस.”

नाव जाणार म्हणून तिला रडू येत होतं, आणि खोटं करून ते राखावं असं मात्र वाटत नव्हतं. त्या घालमेलीत तिनं ताटभर तांदूळ उगाचच निवडून काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आल्या. अक्का म्हणजे नानांची बायको, हर्षदाची मोठी जाऊ. दारातच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“ड्रम ओतून दिला गं त्यांनी. सगळा. ओढ्याच्या काठाला खड्डा करून. वरून चुना टाकला.”

“कुठला ड्रम, अक्का?”

“आमचा. तुझ्याकडून विरजण नेलं होतं ना मी, तुझ्या ड्रमला फेस चांगला यायचा म्हणून? काल जेवताना बोलता बोलता तोंडातून निघून गेलं माझ्या. ताटावरून उठले ते तडक गोठ्यात. म्हणाले, परकं काही आपल्या बागेत राहायला नको.”

परकं. भाटाचं बोलणं हर्षदानं यंत्राचं म्हणून एक वेळ सोसलं असतं. नानांचा हा शब्द तिला फार लागला. ज्या दिरानं तिच्या पहिल्या पिंपाचा वास घेऊन “ही पोर आपलं नाव काढणार” असं गावभर सांगितलं, त्यानं तिच्या विरजणावर चुना टाकला होता.

अक्कांना चहा देताना मात्र तिच्या मनात दुसरंच काहीतरी जुळायला लागलं. विरजण एकट्या अक्काच थोड्याच घेऊन गेल्या होत्या? ज्या बाईच्या ड्रमला फेस येत नसे ती कळशी घेऊन हर्षदाच्या दारात यायची. रिकाम्या हातानं यायचं नाही, कळशीत गुळाचा खडा टाकून आणायचा, अशी बायकांत आपोआप रीतच पडली होती. गाडेकरांची सून गूळ घेऊन आली होती. ओढ्यापलीकडच्या सगळ्या आल्या होत्या. तिच्याकडून एकीनं नेलं, तिच्याकडून दुसरीनं. पुरुषमंडळींना ड्रमात काय घातलंय हे ठाऊक होतं, कुठून आलंय हे विचारायची कधी गरज पडली नव्हती.

म्हणजे पुढच्या आठवड्यात भाट सगळ्यांनाच कोकणात नेऊन बसवणार होता.

ती गप्प राहिली असती तर काहीच बिघडलं नसतं. सगळेच नापास झाले की यंत्रच खोटं ठरलं असतं, आणि त्या गोंधळात तिची मूठभर माती कुणाच्या लक्षातही आली नसती. भास्करनं नेमकं हेच सुचवलं. हर्षदानं तो विचार करून पाहिला. तिला तो आवडला नाही. यंत्र खरं बोलत होतं, आणि ते बिचारं खोकं असलं तरी त्याच्यावर खोटेपणाचा आळ येऊ द्यायला तिचं मन होईना. शिवाय उद्या बनावट शेवरी विकणाऱ्याला पकडायचं कशाच्या जोरावर?

तपासणीच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. हर्षदा उभी राहिली.

“नाना, पुढचा थेंब तुमच्या पिंपातला घ्यावा.”

नानांचा चेहरा पडला. पण माणूस सरळ होता. त्यांनी स्वतः बाटली पुढे केली. पडद्यावर आलं, दक्षिण कोकण. मग गाडेकरांची बाटली. दक्षिण कोकण. ओढ्यापलीकडची, टेकडीवरची, देवळामागची, सगळी कोकणात. प्रत्येक उत्तराबरोबर सभागृहातली कुजबूज वाढत गेली. शेवटी नमुना-बागेची बाटली उघडली. *शेवरी खोरं: जुळतं.*

“झालं!” गाडेकरांनी कपाळावर हात मारला. “अख्ख्या खोऱ्यात अस्सल वाइन एकच, आणि ती कुणाला पिववत नाही.”

हशा पिकला. तो ओसरायची वाट न बघता हर्षदानं सगळं सांगून टाकलं. रोप, गोणपाट, मूठभर माती, ड्रम, विरजणाच्या कळश्या. बायकांच्या बाजूला एकेक मान हलत गेली, हो, मी नेलं होतं, मीही. शेवटी ती म्हणाली, “आमसुलाची चव इथल्या मातीची नाही. माझ्या माहेरच्या परसातली आहे. मी कुणाला फसवायला घातली नव्हती. पण सांगितलंही नाही. त्याची काय शिक्षा असेल ती द्या.”

तन्वीरनी चष्मा काढून पुसला.

“शिक्षा द्यायचीच तर आधी मला द्या,” ते म्हणाले. “खोरं म्हणजे काय ते मी एका जाळीतल्या तुकड्यावरून यंत्राला शिकवलं. जिथे ना माशी जाते, ना कुणाची कळशी. आणि दुसरं. कुडाळहून आलेले ते जीव तसेच राहिलेले नाहीत. इथल्या काळ्या जमिनीत, इथल्या थंडीत त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या गेल्या. इथल्या जीवांबरोबर त्यांनी संसार थाटला. नुसत्या कोकणच्या मातीत शिराझ लावून ही चव येणार नाही. मी लिहून देतो.”

“म्हणजे सोयरीक जमली म्हणा की,” गाडेकर म्हणाले. या वेळी ते चेष्टेनं बोलत नव्हते.

सगळे नानांकडे बघायला लागले. नानांनी हर्षदाची बाटली उचलली, पेल्यात थोडी ओतली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

“इतकी वर्षं मी याच वासाला आपलं खोरं समजत आलो,” ते म्हणाले. “मला दुसरं खोरं ठाऊक नाही. डॉक्टर, तुमच्या यंत्राला पुन्हा शिकवा. सगळ्यांच्या पिंपांवरून. आणि नमुना-बागेची जाळी उद्या काढा.”

ठराव एकमतानं झाला. भास्करनं सभागृहातच बायकोचा हात धरला, आणि ढिकल्यांच्या घरात असं काही चारचौघांत होत नसल्यामुळे अक्कांनी घाईनं दुसरीकडे पाहिलं.

नाना मात्र हर्षदाशी एक शब्दही न बोलता निघून गेले. तिला वाटलं, ठरावापुरतं झालं, मनातलं काही गेलेलं नाही. घरी येऊन ती गुमान कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खाकरल्याचा आवाज आला. नाना उभे होते. धोतर-टोपी नेहमीचीच, पण हातात अक्कांची स्टीलची कळशी. थोरला दीर भावजयीच्या दारात कळशी घेऊन उभा राहिलेला शेवरीत आजवर कुणी पाहिला नव्हता. पलीकडच्या बांधावरून दोन बाया काम सोडून बघायला लागल्या.

“अक्कांना पाठवायचं ना, नाना.”

“ओतलं कुणी? मी. मग मागायलाही मीच यायचं.” ते जरा घुटमळले. “चुना टाकला मी त्यावर. तो शब्दही वाईट बोललो. ऐकलाच असशील तू.”

“ऐकला,” हर्षदा म्हणाली. “फार लागला मला.”

“लागणारच.” नानांनी मान खाली घातली आणि कळशी पुढे केली. तिनं आत पाहिलं. तळाशी गुळाचा चांगला मुठीएवढा खडा होता. बायकांची ती रीत नानांना ठाऊक असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिनं ड्रमचं झाकण काढून कळशी गळ्यापर्यंत भरली, आणि नाना ती दोन्ही हातांनी धरून, एक थेंब सांडू न देता, बांधावरच्या बायांच्या देखत घरी घेऊन गेले.

त्या वर्षी हर्षदाच्या बाटल्यांवर शिक्का बसला, सगळ्यांच्याच बसला. भाटाचं नवं शिक्षण पावसाळाभर चाललं. ऑक्टोबरात फळ धरायच्या गोड्या छाटणीची धामधूम सुरू झाली तेव्हा तन्वीरनी शेवटची खात्री करून घ्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी कुडाळच्या परसातली माती मागवली. हर्षदाचा भाऊ दिगंबर, त्यानं कोकमाच्या झाडाखालची लाल माती पुडीत बांधून धाडली आणि फोन केला. “गो ताई, माती धाडलंय. आणखी काय होया तां सांग.”

यंत्र आता ढिकल्यांच्या पडवीतच ठेवलं होतं. नाना, अक्का, भास्कर सगळे भोवती जमले. तन्वीरनी चिमूटभर माती पाण्यात ढवळून थेंब आत सोडला. पडद्यावर आलं, *शेवरी खोरं: जुळतं.*

तन्वीर ओशाळले. “आता याला तुमच्याच पिंपांवरून शिकवलंय ना. त्याच्या लेखी कुडाळचं परस म्हणजे शेवरीचाच एक तुकडा. दुरुस्त करतो मी.”

हर्षदानं तोवर फोन लावला होता. “दिगू, आपलं परस आमच्या खोऱ्यात निघालं रे!”

“मगे आता सातबारो बदलूक होयो,” पलीकडून दिगंबर म्हणाला, आणि पडवीभर हसू पसरलं.

नाना हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, “डॉक्टर, दुरुस्तीची एवढी घाई करू नका. दिवाळीला पाव्हणे येतील भाऊबिजेला. त्यांनाही विरजण देऊ. त्यांच्याकडचं त्यांना परत नको जायला?”

पुडीत अजून मूठभर माती उरली होती. हर्षदानं ती ओंजळीत घेतली आणि गोठ्याकडे निघाली. मागून पावलं वाजली. नाना तिच्या पुढे झाले, टोपी सावरली, आणि वाकून त्यांनी निळ्या ड्रमचं झाकण तिच्यासाठी उचलून धरलं.